भाषेचे संकट : नेमके कोणते शब्द हरवले?

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या जर्मन साहित्याचा अभ्यास करताना ‘भाषेचे संकट’ हा शब्दप्रयोग तुम्हाला वारंवार भेटेल. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत त्याचा अर्थ साधारण असा लिहिला जातो : आधुनिक लेखकाचा भाषेवरचा विश्वास उडाला, शब्दांत वास्तव मावत नाही असे त्याला वाटू लागले आणि म्हणून तो मौनाकडे किंवा प्रयोगाकडे वळला. हे उत्तर चुकीचे नाही, पण फार ढोबळ आहे. कोणत्याही काळातल्या कोणत्याही कवीबद्दल ते लिहिता येईल. म्हणून या पाठात आपण एका लहानशा मजकुरापाशी बराच वेळ थांबणार आहोत आणि एक साधा प्रश्न विचारणार आहोत : हरवले ते सगळेच शब्द, की त्यांतले काही?

सुरुवातीलाच एक खुलासा. ‘जर्मन साहित्य’ म्हणजे येथे जर्मन भाषेतले साहित्य. या पाठातले बहुतेक लेखक जर्मनीचे नव्हेत, ऑस्ट्रिया-हंगेरी या साम्राज्याचे प्रजाजन आहेत. व्हिएन्ना आणि प्राग ही त्यांची शहरे.

हॉफमन्स्थालचे ‘एक पत्र’

हुगो फॉन हॉफमन्स्थाल यांचा ‘आइन ब्रीफ’, म्हणजे ‘एक पत्र’, हा मजकूर 18 आणि 19 ऑक्टोबर 1902 रोजी बर्लिनच्या ‘डेर टाग’ या दैनिकात दोन भागांत छापून आला. ज्याला पुढे आधुनिक जर्मन साहित्याचा जणू जन्मदाखला मानले गेले, तो मजकूर वर्तमानपत्राच्या वाचकांनी दोन सकाळी वाचून बाजूला ठेवला असेल, हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

पत्र काल्पनिक आहे. लिहिणारा फिलिप लॉर्ड चँडॉस हा एका इंग्रज अर्लचा धाकटा मुलगा, वय 26. पत्राची तारीख 22 ऑगस्ट 1603, आणि ते लिहिले आहे तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकन यांना. चँडॉसने एकोणिसाव्या वर्षीच काव्ये लिहून नाव मिळवले होते. आता दोन वर्षे तो गप्प आहे. बेकननी काळजीने विचारपूस केली, तिला उत्तर म्हणून आपण लिहिणे का सोडले हे तो कळवतो आहे.

हॉफमन्स्थाल स्वतः 1874 साली व्हिएन्नात जन्मले. शाळकरी मुलांना स्वतःच्या नावाने लेखन छापण्यास मनाई असल्यामुळे सोळाव्या वर्षी त्यांनी ‘लोरिस’ या टोपणनावाने कविता प्रसिद्ध केल्या आणि व्हिएन्नाच्या साहित्यवर्तुळात खळबळ उडाली. ‘पत्र’ छापले तेव्हा ते 28 वर्षांचे होते आणि त्यांच्या भावकवितेचा झरा जवळजवळ आटला होता. तेव्हा चँडॉस म्हणजेच हॉफमन्स्थाल, असे समीकरण मांडणे सोपे जाते. मला ते फारसे उपयोगी वाटत नाही. चँडॉस थांबला. हॉफमन्स्थाल थांबले नाहीत. पुढच्याच वर्षी त्यांचे ‘एलेक्ट्रा’ हे नाटक आले, नंतर रिखार्ड श्ट्राउस यांच्यासाठी त्यांनी ‘डेर रोझेनकाव्हालियर’सारख्या ऑपेरांच्या संहिता लिहिल्या. ज्या माणसाची कविता थांबली, त्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडी घालायचे संवाद लिहिले, एवढे मात्र ध्यानात ठेवा.

पत्रावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा : भाषा हातातून निसटली असे सांगणारा हा माणूस इतक्या घाटदार, लयबद्ध वाक्यांत ते कसे सांगतो? ही विसंगती नाही का? बहुतेक पुस्तके याला ‘विरोधाभास’ म्हणतात आणि पुढे जातात. पण पत्र सावकाश वाचले, तर विरोधाभास बराचसा मावळतो. आपले संकट पायरीपायरीने कसे वाढत गेले हे चँडॉस सांगतो आणि त्या पायऱ्यांत एक क्रम आहे.

आधी ‘मन’, ‘आत्मा’, ‘शरीर’ असे मोठे शब्द उच्चारताना त्याला अस्वस्थ वाटू लागते. मग दरबारातल्या किंवा पार्लमेंटमधल्या घडामोडींवर मत देणे त्याला जमेनासे होते. कुजक्या अळंब्यांची ती प्रसिद्ध प्रतिमा येते ती इथे, आणि ती केवळ अमूर्त शब्दांबद्दल आहे. कोणताही निवाडा करायचा तर जिभेला जे शब्द सहज लागतात, तेच तोंडात कुजून जातात असे तो म्हणतो. त्यानंतरचा प्रसंग घरातला आहे. त्याची चार वर्षांची मुलगी कॅटरिना पॉम्पिलिया लहानसे खोटे बोलते. नेहमी खरे बोलावे हे तिला समजावू पाहताना बापाच्या तोंडात शब्द एकमेकांत मिसळतात, तो पांढरा पडतो, वाक्य कसेबसे संपवून मुलीला तिथेच सोडतो, दार आपटतो आणि घोड्यावर बसून माळावर निघून जातो. शेवटी रोजच्या गप्पासुद्धा अशक्य होतात. अमका अधिकारी वाईट, तमका धर्मोपदेशक चांगला, त्या कुळाची कीव येते कारण त्याची पोरे उधळी निघाली, अशी चारचौघांत सहज बोलली जाणारी वाक्ये त्याला खोटी आणि पोकळ वाटू लागतात.

आता या यादीकडे पुन्हा पाहा. मोठे शब्द, राजकारणातली मते, मुलीला दिलेली शिकवण, शेजाऱ्यांबद्दलचे शेरे. या सगळ्यांत समान काय आहे? हे सगळे निवाडे आहेत. काय चांगले, काय वाईट, कोण बरोबर, कोण चूक हे ठरवणारी भाषा चँडॉसपासून दुरावली आहे. वर्णनाची भाषा दुरावलेली नाही, उलट ती विलक्षण तीक्ष्ण झाली आहे. एकदा भिंगातून पाहिलेली करंगळीची कातडी त्याला आठवते, नांगरटीच्या शेतासारखी चरे आणि खळगे असलेली. आता माणसे आणि त्यांचे व्यवहार त्याला तसेच दिसतात, इतके जवळून की त्यांना एखाद्या ओळखीच्या शब्दाने झाकता येत नाही. आणि अक्रोडाच्या झाडाखाली माळ्याच्या पोराने विसरलेली अर्धी भरलेली झारी, तिच्यातल्या काळोख्या पाण्यावर एका काठापासून दुसऱ्या काठाकडे पोहणारा किडा, यांनी तो अंतर्बाह्य थरारतो.

इथे एक विषयांतर. आपल्याकडचे विद्यार्थी हे पत्र वाचून लगेच उपनिषदांकडे वळतात, वाणी जिथून परत फिरते त्या ब्रह्माची आठवण काढतात. तुलना मोहक आहे, पण तिने पत्राचा मुद्दा निसटतो. उपनिषदांत वाणी अपुरी पडते ती सर्वांत मोठ्या गोष्टीपुढे. चँडॉसची जीभ अडखळते ती पोरीला ‘खोटे बोलू नये’ असे सांगताना. त्याचे संकट आध्यात्मिक शिखरावरचे नाही, माजघरातले आहे.

दुधाच्या तळघरातले उंदीर

पत्रातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग माझ्या मते झारीचा नाही, उंदरांचा आहे. चँडॉस आपल्या एका मळ्यावरच्या दुधाच्या तळघरात उंदरांसाठी भरपूर विष घालायला सांगतो. संध्याकाळी तो रपेटीला जातो. नांगरलेल्या शेतांवरून जाताना अचानक ते तळघर त्याच्या आत उघडते : विषाच्या उग्र वासाने भरलेली थंड, कोंदट हवा, भिंतींवर आदळणाऱ्या मरणप्राय किंकाळ्या, बाहेर पडायची वाट शोधणारी धडपड, आणि मरणाऱ्या पिलांजवळची उंदरीण. लिव्हीने रंगवलेला आल्बा लोंगा नगराच्या नाशाआधीचा प्रहर त्याला आठवतो, जळणारे कार्थेज आठवते. ही करुणा नव्हे, असे तो स्वतःच स्पष्ट करतो. करुणेपेक्षा कितीतरी अधिक आणि कितीतरी कमी असे काहीतरी, त्या प्राण्यांत ओतले जाणे.

हा उतारा जर्मन गद्यातल्या उत्तमांपैकी आहे. तरीही, किंवा म्हणूनच, एक प्रश्न विचारायला हवा. विष कोणी घालायला सांगितले? चँडॉसनेच. मग घोडा मागे वळवावा, निदान आपण हे केले अशी टोचणी लागावी, असे त्याला एकदाही वाटत नाही. ‘मी केले’ आणि ‘हे वाईट’ या दोन वाक्यांसाठी लागणारे शब्दच त्याच्याजवळ उरलेले नाहीत. त्यांच्या जागी एक प्रचंड, थरथरती संवेदना आहे. निवाड्याची भाषा गेली, वर्णनाची भाषा उजळली आणि या अदलाबदलीची किंमत उंदरांनी दिली. हॉफमन्स्थाल यांना हे दाखवायचे होते की नाही, हा वेगळा वाद आहे. मजकुरात ते आहे.

पत्राच्या शेवटी चँडॉस म्हणतो की ज्या भाषेत कदाचित त्याला लिहिता आणि विचार करता येईल ती लॅटिन, इंग्रजी, इटालियन किंवा स्पॅनिश नाही. ती मुक्या वस्तूंची भाषा आहे, तिचा एकही शब्द त्याला येत नाही. या यादीत जर्मन नाही. इंग्रज उमरावाच्या यादीत ती असण्याचे कारणही नाही. पण आपण हे पत्र जर्मनमध्येच वाचतो आहोत, म्हणजे जे ‘मूळ’ कधी नव्हतेच त्याचा जणू अनुवाद. तुमच्यापैकी बहुतेक जण ते इंग्रजीतून वाचणार, तेव्हा पडद्यांत आणखी एकाची भर.

संशय आला कुठून?

याची उत्तरे पाठ्यपुस्तकांत भरपूर मिळतील, मी थोडक्यात सांगतो. फ्रीडरिख नीत्शे यांनी 1873 साली ‘सत्य आणि असत्य’ यांवरचा एक छोटा निबंध लिहिला, तो 1896 साली प्रसिद्ध झाला. ‘पान’ ही संकल्पना तयार होते तीच मुळी एका पानाचा दुसऱ्या पानाशी असलेला फरक विसरून, हा त्यातला युक्तिवाद. फ्रिट्झ माउथनर यांनी 1901-02 मध्ये भाषेच्या चिकित्सेवर तीन जाडजूड खंड काढले. भाषेतून ज्ञान मिळत नाही, हे सांगण्यासाठी त्यांना इतकी पाने लागली. माउथनर यांचा जन्म 1849 साली बोहेमियात झाला. घरात जर्मन, अवतीभवती चेक आणि धर्मशिक्षणापुरती हिब्रू अशा तीन भाषांत ते वाढले. ही बाब भारतातल्या विद्यार्थ्याला वेगळी समजावून सांगावी लागू नये. एकाच वस्तूला तीन नावे आहेत हे ज्याने लहानपणीच पाहिले, त्याला नाव आणि वस्तू यांचे नाते अटळ वाटणे कठीण. तिसरे नाव एर्न्स्ट माख यांचे. 1895 पासून ते व्हिएन्ना विद्यापीठात शिकवत होते. ‘मी’ ही अखंड वस्तू नसून संवेदनांची तात्पुरती जुळणी आहे, असे त्यांचे म्हणणे.

या तिघांमुळे हॉफमन्स्थाल यांनी ‘पत्र’ लिहिले, असे मात्र लिहू नका. हवेत जे होते ते त्यांनी कथेत आणले. आणि कथेत आणल्यामुळेच तत्त्वज्ञानात न दिसणारी गोष्ट दिसू लागली, ती म्हणजे ती चार वर्षांची मुलगी. माउथनर यांच्या तीन खंडांत खोटे बोलून बापाकडे पाहणारे मूल नाही.

ट्योर्लेस, माल्टे आणि एक यंत्र

रोबेर्ट मूझिल यांची ‘तरुण ट्योर्लेसचे गोंधळ’ ही कादंबरी 1906 सालची. मूझिल यांनी दोन वर्षांनी माख यांच्याच सिद्धांतांवर बर्लिनमध्ये प्रबंध सादर केला, त्यामुळे वैचारिक नाते उघड आहे. साम्राज्याच्या पूर्व टोकाच्या एका निवासी शाळेत बाझिनी हा मुलगा पैसे चोरतो. बाइनबेर्ग आणि राइटिंग त्याला पकडतात आणि शिक्षकांना न कळवता स्वतःच ‘शिक्षा’ देऊ लागतात. पोटमाळ्यावर रात्री छळ चालतो. ट्योर्लेस तिथे असतो. तो संवेदनशील आहे, गणितातल्या काल्पनिक संख्यांनी त्याची झोप उडते, वस्तूंचे एक दुसरे रूप असते आणि शब्द तिथे पोचत नाहीत हे त्याला मनोमन जाणवते. तो एका परीने चँडॉसच आहे. आणि समोर एक मुलगा मारला जात असताना त्याचे बरेचसे लक्ष आपल्याला आत काय होते आहे याकडे असते. तळघरातले उंदीर इथे वर्गमित्र झाले आहेत. शेवटच्या चौकशीत तो शिक्षकांपुढे जे बोलतो ते त्यांना कळत नाही. ते शिक्षक हास्यास्पद आहेत हे खरे, पण ‘बाझिनीला मारणे चूक होते’ हे साधे वाक्य ट्योर्लेसच्या त्या भाषणाचा गाभा नाही, हेही खरे. 1906 च्या या शाळेत अनेकांना नंतर येणाऱ्या काळाची चाहूल दिसली. तसे न म्हणताही कादंबरी पुरेशी भेदक आहे.

राइनर मारिया रिल्के यांच्या ‘माल्टे लाउरिड्स ब्रिगेच्या नोंदी’ (1910) या पुस्तकाला मी येथे कमी जागा देतो, कारण त्यावर स्वतंत्र पाठ हवा. 28 वर्षांचा डॅनिश तरुण पॅरिसमध्ये पाहायला शिकतो आहे. पाडलेल्या घराची उरलेली आतली भिंत तो पाहतो : खोल्यांचे विटलेले रंग, गॅसच्या नळ्यांचे ओरखडे, तिथे राहिलेल्या माणसांचे साचलेले वास. वर्णनाची भाषा इतक्या टोकाला गेलेली पुढे क्वचितच दिसते. पण रिल्के यांच्याकडे चँडॉसपेक्षा एक पाऊल पुढे आहे. माल्टे भिंतीपासून पळतो, कारण त्याला ती ओळखता येते, ती त्याच्या आत आहे. पाहणारा इथे सुरक्षित अंतरावर घोड्यावर बसलेला नाही.

फ्रान्त्स काफ्का यांनी 1914 च्या ऑक्टोबरात लिहिलेली आणि 1919 मध्ये प्रसिद्ध झालेली ‘दंडवसाहतीत’ ही कथा या मालिकेत सहसा घेत नाहीत. मी घेतो. तिथे निवाडा आहे, पण तो बोलला जात नाही. एक यंत्र तो सुयांनी आरोपीच्या देहावर कोरते. आपल्याला कोणती शिक्षा झाली हे आरोपीला सांगितलेले नसते, अपराधाबद्दल शंका घ्यायचीच नाही हे अधिकाऱ्याचे तत्त्व. माणसांनी आपापसांत बोलून निवाडा करणे सोडले की तो नाहीसा होत नाही. तो यंत्राकडे जातो.

झुरिचच्या ‘कॅबरे व्होल्तेर’मध्ये 1916 साली हुगो बाल यांनी अर्थ नसलेल्या ध्वनींच्या कविता म्हटल्या. भाषासंकटाचे टोक म्हणून त्यांचा नेहमी उल्लेख होतो. वर्तमानपत्रांनी नासवलेले शब्द वापरायचेच नाहीत ही त्यामागची भूमिका समजण्यासारखी आहे, पण आपल्या प्रश्नाला त्या फारसे उत्तर देत नाहीत.

क्राउस यांचा आक्षेप

उत्तर देतात ते कार्ल क्राउस. व्हिएन्नात एप्रिल 1899 मध्ये त्यांनी ‘दी फाकल’ म्हणजे ‘मशाल’ हे नियतकालिक सुरू केले, ते 1936 पर्यंत चालले आणि 1911 नंतर तर ते जवळपास एकटेच ते लिहीत. त्यांचे निदान अगदी उलटे होते. भाषा आजारी नाही, ती वापरणारे आजारी आहेत. स्वल्पविराम चुकला तरी ते त्यात नैतिक दोष पाहत. हा हट्ट कधीकधी हास्यास्पद वाटतो, पण त्यामागे एक आग्रह होता : निवाड्याचे शब्द कुजले असतील तर ते टाकून तळ्याकाठचा किडा पाहायला जाता येणार नाही, कारण टाकलेले शब्द रिकामे राहत नाहीत. ते वर्तमानपत्रे आणि सेनापती उचलतात.

1914 मध्ये नेमके तेच झाले. ‘सन्मान’, ‘बलिदान’, ‘पितृभूमी’ या शब्दांनी व्हिएन्नाची दैनिके भरून गेली. आणि ते लिहिणाऱ्यांत हॉफमन्स्थालही होते. ‘नॉय फ्राय प्रेस’मध्ये त्यांनी ऑस्ट्रियाच्या समर्थनार्थ लेख लिहिले. आघाडीवर न जाता ते युद्धसाहाय्य कार्यालयात रुजू झाले. बारा वर्षांपूर्वी ज्यांच्या चँडॉसला ‘आत्मा’ हा शब्द उच्चारवत नव्हता, त्यांना राष्ट्राच्या आत्म्याविषयी लिहिताना अडखळायला झाले नाही. हा ढोंगीपणा होता असे मला वाटत नाही. निवाड्याच्या भाषेची स्वतःची मशागत थांबवली की गरजेच्या वेळी बाजारात मिळते ती भाषा घ्यावी लागते, असे ते होते. क्राउस यांनी मात्र क्षमा केली नाही. ‘मानवजातीचे अखेरचे दिवस’ या त्यांच्या प्रचंड नाटकात युद्धसाहाय्य कार्यालयाचा एक प्रवेश आहे. तिथे हॉफमन्स्थाल स्वतःच्याच नावाने रंगमंचावर आहेत. हातात वर्तमानपत्र, त्यात मित्र हर्मान बार यांनी त्यांना उद्देशून लिहिलेले खुले पत्र. तुम्ही रणांगणावर आहात, असे समजून बार यांनी ते आवेशात लिहिले आहे, आणि ते वाचणारा टेबलामागे बसलेला आहे.

तेव्हा हॉफमन्स्थाल यांचे ‘अवघड माणूस’ हे सुखान्त नाटक याच्या शेजारी ठेवून वाचा. ते 1921 मध्ये म्युनिकला रंगमंचावर आले. नायक हान्स कार्ल ब्यूल युद्धात मातीखाली जिवंत गाडला गेला होता. परतल्यावर वरिष्ठ सभागृहात राष्ट्रांच्या सलोख्यावर त्याने बोलावे, अशी इतरांची इच्छा आहे. त्याला ते जमणार नाही. तोंड उघडले की गोंधळच माजतो, अशी त्याची खात्री आहे. तो चँडॉसचाच वारस, पण एका बाबतीत वेगळा. तो घोड्यावर बसून माळावर जात नाही. दिवाणखान्यात राहतो, चुकीचे बोलतो, माफी मागतो, पुन्हा चुकीचे बोलतो. हेलेनेशी त्याचे लग्न ठरते तेही अशाच अर्धवट वाक्यांतून, आणि त्यात पुढाकार तिचा. सभागृहातले भाषण मात्र होत नाही. नाटक रंगमंचावर आले तेव्हा साम्राज्य संपलेले होते आणि ते सभागृहही उरलेले नव्हते.